विश्लेषण : शेजारी कोण असावा, हे सरकार ठरवते तेव्हा... सिंगापूरच्या ‘वांशिक कोट्या’ची किंमत कोण मोजते?

सिंगापूरमध्ये सरकारी वसाहतीतला फ्लॅट विकायला काढला, की मालकाला बाजारभावाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपल्या इमारतीत आणि परिसरात त्या महिन्यात चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांचे प्रमाण किती आहे? एखाद्या समाजाची मर्यादा भरली असेल, तर त्या समाजाचा ग्राहक पैसे घेऊन दारात उभा असला तरी बहुतेक वेळा त्याला घर विकता येत नाही. वांशिक वस्त्या तयार होऊ नयेत म्हणून १९८९ पासून हा नियम लागू आहे. तो ज्यांच्या भल्यासाठी केला असे सांगितले जाते, त्या अल्पसंख्य कुटुंबांनाच त्याचा आर्थिक फटका सर्वाधिक का बसतो? आणि घर नाकारण्यावरून सतत धुमसणाऱ्या मुंबईला त्यातून काही घेता येईल का?

नियम नेमका काय आहे?

सिंगापूरमधील नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापैकी दर पाचातील जवळपास चार जण ‘हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड’ म्हणजे एचडीबीने बांधलेल्या घरांत राहतात. आपल्याकडच्या म्हाडाचीच ही जातकुळी, पण पसारा आणि अधिकार कितीतरी मोठे. फ्लॅट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकत मिळतो आणि साधारण पाच वर्षे राहिल्यानंतर तो खुल्या बाजारात विकता येतो.

या घरांना १ मार्च १९८९ पासून ‘एथ्निक इंटिग्रेशन पॉलिसी’ म्हणजे वांशिक एकात्मता धोरण लागू झाले. त्यात प्रत्येक समाजासाठी दोन मर्यादा ठरवलेल्या आहेत, एक संपूर्ण परिसरासाठी आणि दुसरी एकेका इमारतीसाठी. चिनी कुटुंबांसाठी परिसरात ८४ टक्के आणि इमारतीत ८७ टक्के. मलय कुटुंबांसाठी २२ आणि २५ टक्के. भारतीय आणि ‘इतर’ मिळून १२ आणि १५ टक्के. हा शेवटचा आकडा आधी १० आणि १३ होता, तो २०१० मध्ये वाढवला गेला. २०२० च्या जनगणनेनुसार रहिवाशांमध्ये चिनी ७४.३ टक्के, मलय १३.५ टक्के, भारतीय ९ टक्के आणि इतर ३.२ टक्के होते. म्हणजे मर्यादा लोकसंख्येतील वाट्यापेक्षा थोड्या सैल आहेत, पण फार नाहीत. २०१० मध्येच परदेशी कायम रहिवाशांसाठीही वेगळा कोटा आला: परिसरात ५ आणि इमारतीत ८ टक्के. मलेशियाच्या लोकांना त्यातून वगळले आहे.

कोणत्या इमारतीत कोणाला जागा आहे, हे एचडीबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. ही माहिती दर महिन्याच्या १ तारखेला बदलते.

अशा नियमाची गरज का वाटली?

सिंगापूरमध्ये वेगळ्या वस्त्या आपोआप झाल्या नव्हत्या, त्या आखल्या गेल्या होत्या. १८२२ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्या सूचनेनुसार केलेल्या नगररचनेतच युरोपीय, चिनी, भारतीय आणि मलय-अरब यांना वेगवेगळे भाग नेमून दिले होते. आज पर्यटक ज्या ‘चायनाटाउन’मध्ये आणि कंपोंग ग्लॅममध्ये छायाचित्रे काढतात, त्यांचे मूळ या आखणीत आहे. चिनी वस्तीतही होक्किएन, तिओच्यू, कॅन्टोनीज असे बोलीनुसार भाग पडले होते. शहराबाहेरच्या खेडेवजा वस्त्या म्हणजे ‘कंपोंग’. त्यांतही मलय कंपोंग वेगळे, चिनी वेगळे.

२१ जुलै १९६४ रोजी प्रेषित मोहम्मद यांच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मलय आणि चिनी जमावांत दंगल पेटली. सप्टेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला. दोन्ही दंगलींत मिळून ३६ जणांचा बळी गेला. त्या वेळी सिंगापूर मलेशियाचा भाग होते. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, ते वेगळे झाले. स्वतंत्र देशाच्या राज्यकर्त्यांच्या मनात ही दंगल कायमची घर करून राहिली. आजही या धोरणाचे समर्थन करताना १९६४ चा उल्लेख होतो.

जुन्या वस्त्या फुटल्या त्या मात्र घरबांधणीमुळे. १९६० मध्ये एचडीबी स्थापन झाले. १९६१ च्या मे महिन्यात बुकिट हो स्वी या दाट वस्तीला आग लागून सुमारे १६ हजार लोक बेघर झाले, तेव्हा त्यांच्यासाठी झपाट्याने इमारती उभ्या राहिल्या. मग एकामागोमाग एक कंपोंग हटवून लोकांना उंच इमारतींत नेण्यात आले. वाटप करताना लोक मिसळतील असे पाहिले जाई. पण सत्तरच्या दशकात फ्लॅट पुन्हा विकण्याची मुभा मिळाली आणि माणसे आपल्या माणसांच्या जवळ सरकू लागली. त्यात द्वेष असायलाच हवा असे नाही. आईवडील शेजारी हवेत, मशीद किंवा मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर हवे, ओळखीचा बाजार हवा, एवढी कारणे पुरतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेडोक आणि टॅम्पिनीस भागांत मलय, तर हौगांगमध्ये चिनी कुटुंबांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच वर गेले होते. १९८९ च्या जानेवारीत तेव्हाचे राष्ट्रीय विकासमंत्री एस. धनबालन यांनी कोट्याची घोषणा केली. आधीच मर्यादेपलीकडे गेलेल्या इमारतींतून कोणाला काढण्यात आले नाही. नवे व्यवहार तेवढे नियमाच्या चौकटीत आणले गेले.

मग फटका कोणाला आणि कसा?

नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे, पण त्याचा भार सारखा पडत नाही. हे एका हिशेबाने कळते.

समजा, एका इमारतीत १०० फ्लॅट आहेत आणि त्यातले ८७ चिनी कुटुंबांचे आहेत. चिनी मर्यादा भरली. आता या इमारतीतल्या चिनी मालकाने चिनी ग्राहकाला घर विकले, तर आकडा ८७ च राहतो. व्यवहार चालतो. तो मलय किंवा भारतीय ग्राहकालाही विकू शकतो. त्याचा बाजार जवळपास पूर्ण खुला आहे. त्याच मजल्यावरच्या भारतीय मालकाने चिनी ग्राहकाला विकले, तर आकडा ८८ होतो. व्यवहार नामंजूर. म्हणजे देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तो घर दाखवूही शकत नाही. उरलेल्यांत ज्यांना नेमके याच भागात, याच आकाराचे घर हवे आहे, असे किती? महिनोन्महिने थांबायचे, नाही तर भाव पाडायचा. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, सारख्याच दोन फ्लॅटना वेगळा भाव येतो आणि फरक असतो तो मालकाच्या ओळखपत्रावरच्या नोंदीचा.

उलट बाजूने पाहू. मलय मर्यादा भरलेल्या इमारतीत चिनी मालक फक्त मलय ग्राहकाला मुकतो. म्हणजे साडेतेरा टक्क्यांना. त्याचे फारसे बिघडत नाही.

घेतानाही तेच. एखाद्या भारतीय कुटुंबाला म्हाताऱ्या आईवडिलांच्या जवळ राहायचे आहे आणि त्या भागात भारतीय मर्यादा भरली आहे. मग भारतीय विक्रेताच शोधावा लागतो. आपल्याकडे दुसरा पर्याय नाही हे त्यालाही ठाऊक असते, तो किंमत चढवून सांगतो. विकताना पडेल भाव आणि घेताना चढा भाव, असा हा दुहेरी मार आहे. ज्या देशात बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत या फ्लॅटमध्येच अडकलेली असते, तिथे ही किरकोळ तक्रार नव्हे.

आणखी एक गोष्ट आकड्यांतच दडली आहे आणि तिची चर्चा कमी होते. परिसरात मलय २२ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत, भारतीय आणि इतर १२ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. दोन्ही मर्यादा काठोकाठ भरल्या तरी बेरीज ३४ होते. म्हणजे नियम तंतोतंत पाळला, तर प्रत्येक परिसरात चिनी बहुसंख्यच राहणार. मलय किंवा भारतीय वंशाच्या माणसाला जिथे आपण बहुसंख्य आहोत अशी नवी वस्ती सरकारी घरांत घडवताच येत नाही. ‘मिश्र वस्ती’ या शब्दाचा अर्थ चिनी कुटुंबासाठी एक आहे आणि मलय कुटुंबासाठी वेगळा. याचा राजकीय परिणामही उघड आहे: अल्पसंख्यांच्या मतांचा एकगठ्ठा मतदारसंघ उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी म्हणा किंवा तिच्या जोडीने म्हणा, १९८८ मध्ये गट मतदारसंघांची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक गटात किमान एक उमेदवार अल्पसंख्य समाजाचा असावा लागतो.

मराठी माणूस कोणत्या रकान्यात?

कोटा चालवायचा तर प्रत्येक माणसावर एक शिक्का हवा. सिंगापूरमध्ये तो जन्माच्या नोंदीपासून असतो: चिनी, मलय, भारतीय किंवा इतर. ‘भारतीय’ या रकान्यात तमिळ, मल्याळी, पंजाबी, सिंधी, गुजराती आणि मराठी सगळे येतात. इतकेच नाही, तर मूळचे पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकन वंशाचे लोकही येतात. दादरहून गेलेला आयटी अभियंता आणि चार पिढ्यांपूर्वी तंजावरहून गेलेल्या मजुराचा पणतू हे कोट्यासाठी एकच. दोघांची भाषा, देव, ताट यांतले काही जुळत नसले तरी एकाने घर घेतले की दुसऱ्याची जागा कमी होते. होक्किएन आणि कॅन्टोनीज यांच्यातला, कधीकाळी डोकी फुटण्याइतका तीव्र असलेला, भेदही याच रीतीने ‘चिनी’ या एका शब्दाखाली मिटवला गेला.

मिश्र विवाहांचे काय? पती चिनी आणि पत्नी भारतीय असेल, तर दोघांपैकी कोणाचा वंश घराला लावायचा हे घेताना निवडता येते. एकदा निवडले की तोच विकताना लागू. २०११ पासून मुलांच्या नावापुढे ‘चिनी-भारतीय’ असा जोडवंश नोंदवण्याची सोय आहे. पण कोट्यासाठी त्यातला पहिलाच शब्द धरला जातो. त्यामुळे जोडवंशात कोणते नाव आधी लिहायचे, हा निव्वळ भावनेचा प्रश्न राहत नाही, पुढे कधी तरी घराच्या किमतीचाही होतो.

पण लोक खरेच मिसळले का?

मिसळले, असे म्हणायला जागा आहे. एचडीबीच्या बऱ्याच जुन्या इमारती खांबांवर उभ्या असतात आणि तळमजला मोकळा असतो. त्याला तिथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. मुंबईत अशी जागा मोटारी उभ्या करायला जाते. तिथे शनिवारी मलय लग्नाचा मांडव पडतो, बिर्याणीच्या देगा चढतात, आणि आठवडाभराने त्याच जागी चिनी कुटुंबाची अंत्यविधीची बैठक असते, रात्रभर लोक बसतात. म्हातारे सोंगट्या खेळतात, शाळेतून आलेली पोरे चेंडू आपटतात. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये एकाच छपराखाली नासी लेमाक, रोटी पराठा आणि चिकन राइसचे गाळे असतात. या हॉकर संस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. शाळा जवळची निवडली जाते, त्यामुळे वर्गही बहुधा मिश्रच असतो. १९६४ सारखी दंगल त्यानंतर, १९६९ चा भडका सोडला, तर झालेली नाही. तिचे सारे श्रेय कोट्याला देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. भडकाऊ बोलण्यावर कठोर कायदे, नोकऱ्या आणि वाढते उत्पन्न हेही त्यात आहे.

शेजार मिळाला म्हणून शेजारधर्म मिळतोच असे नाही. २०११ मध्ये एका जुन्या मध्यस्थीची बातमी तिथल्या दैनिकात आली. चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या करीचा वास सहन होत नव्हता. तोडगा असा निघाला, की चिनी कुटुंब घरी नसेल तेव्हाच करी शिजवायची, आणि त्या कुटुंबाने एकदा ती चाखून पाहायची. बातमी वाचून लोक संतापले. २१ ऑगस्ट २०११ हा रविवार सर्वांनी करी शिजवण्याचा दिवस ठरला आणि समाजमाध्यमांवर हजारो लोकांनी त्याला पाठिंबा दिला. त्यात चिनी वंशाचे सिंगापूरकर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या लेखी वाद चिनी विरुद्ध भारतीय नव्हताच. तो जुना रहिवासी आणि नवा पाहुणा यांच्यातला होता. करी ‘आपली’ होती. पन्नास वर्षांच्या शेजारातून काही घडले असेल, तर ते या एका रविवारी दिसले.

पण खासगी बाजारात चित्र वेगळे आहे. खासगी संकुलांना कोटा लागू नाही. तिथे वर्ग ठरवतो. आणि भाड्याने घर देताना ‘भारतीय नकोत’, ‘चीनचे लोक नकोत’ असे सरळ लिहिलेल्या जाहिराती सिंगापूरमध्ये वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. कारण सांगितले जाते ते स्वयंपाकाच्या वासाचे. मुंबईकराला हे ओळखीचे वाटेल.

मुंबईत असे का होत नाही?

मुंबई वस्त्यांवस्त्यांनीच वाढली. पारशी बागा, माटुंग्याचे तमिळ, गिरगावातल्या आणि गिरणगावातल्या चाळी, कोळीवाडे, ईस्ट इंडियन गावठाणे. या वस्त्यांनी नव्या माणसाला शहरात पाय रोवायला जागा दिली, हे विसरून चालणार नाही. वाद आहे तो नव्या इमारतींत. मांसाहार, धर्म, भाषा यांवरून घर नाकारल्याच्या तक्रारी वारंवार येतात. २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले.

कायदा इथे तोकडा पडतो. घटनेतील भेदभावबंदी मुख्यतः शासनसंस्थेला बांधते, खासगी घरमालकाला नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा तो भाग मानला गेला. सिंगापूर ज्या गोष्टीला मनाई करते, तिला आपल्याकडे न्यायालयाची मान्यता आहे.

२०२४ मध्ये शिवसेना (ठाकरे) गटाचे आमदार अनिल परब यांनी विधान परिषदेत अशासकीय विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला. नव्या इमारतींतील ५० टक्के घरे पहिले वर्षभर मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत, अशी त्यातली मागणी होती. या मागणीची सिंगापूरशी तुलना फसवी आहे. तिथला कोटा प्रत्येक समाजाची, बहुसंख्यांचीही, कमाल मर्यादा ठरवतो; कोणाची किमान जागा राखत नाही. परब यांची मागणी राखीव जागांची आहे. शिवाय सिंगापूरमध्ये बहुतांश जमीन आणि घरे सरकारच्या हाती आहेत, चार रकान्यांत देश बसवला आहे. मुंबईत घरे बिल्डर बांधतात, आणि भाषा, धर्म, जात, आहार यांतला कोणता रकाना धरायचा यावरच पहिले भांडण होईल. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती-जमातींपासून पत्रकार, कलावंतांपर्यंत राखीव गट असतात, पण घर मिळाल्यावर पुढे ते कोणाला विकले जाते याच्याशी त्या आरक्षणाचा संबंध उरत नाही. सिंगापूरचा नियम मात्र प्रत्येक पुनर्विक्रीला लागू होतो. त्याची ताकद तिथे आहे आणि त्याचा जाचही तिथेच.

सिंगापूर आता काय करत आहे?

विरोधी वर्कर्स पार्टीचे नेते प्रीतम सिंग यांनी २०२१ मध्ये संसदेत या धोरणावर प्रश्न उपस्थित केले. राष्ट्रीय विकासमंत्री डेस्मंड ली यांनी धोरण आवश्यक असल्याचे सांगितले, पण अल्पसंख्य विक्रेत्यांना त्याचा त्रास होतो हेही मान्य केले. भारतीय वंशाचेच थर्मन षण्मुगरत्नम, जे आता राष्ट्राध्यक्ष आहेत, त्यांनी उपपंतप्रधान असताना २०१५ मध्ये मांडलेला मुद्दा सरकारची भूमिका नेमकी सांगतो: लोकांच्या आयुष्यात सर्वाधिक ढवळाढवळ करणारे हे धोरणच सर्वात महत्त्वाचे ठरले, असा त्यांचा आशय होता.

२०२२ मध्ये एचडीबीने एक वाट काढली. कोट्यामुळे ज्यांचा फ्लॅट बराच काळ प्रयत्न करूनही विकला जात नाही, अशा मालकांचा फ्लॅट ठरावीक अटींवर स्वतः विकत घ्यायची तयारी मंडळाने दाखवली. त्याआधी अशा मालकांना बहुतेक वेळा मिळत असे ती फक्त विक्रीसाठी वाढीव मुदत. नुकसानीचा काही भार आता सरकारी तिजोरीवर येऊ शकतो. पण अडलेल्या मालकाला खुल्या बाजारात चिनी ग्राहकाकडून मिळाला असता तो भाव आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांतला फरक भरून देण्याची सरसकट तरतूद धोरणात नाही.